तासगावचं आभाळ

साताऱ्यात लख्ख ऊन पडलेलं असताना आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवरचे सगळे ओले कपडे कुणीतरी गोळा करून जिन्यात आणून टाकले होते. सगळ्या मजल्यांवरच्या मुलींचे कपडे, आणि त्यात माझी सोलापुरी चादर. ती चादर मी वर्षातून एकदा धुते आणि धुतल्यावर दोन दिवस त्याबद्दल बोलते. त्यामुळे आरडाओरडा करण्यात मीच पुढे होते. रेक्टरबाई खाली आल्या, त्यांनी चौकशी लावली, आणि माझी खोलीतली जोडीदारीण भाग्या गर्दीतून पुढे झाली.

"मी आणली," ती म्हणाली. "पाऊस यील असं मोबाईलवर दावत हुतं."

"कुठे आहे पाऊस?" बाईंनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे हात केला.

"तासगावला," भाग्या म्हणाली, आणि मग बहुतेक तिच्या लक्षात आलं. "आभाळ तिकडं आलंय. माजं हात हिकडं चाललं."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. खोलीत मी असताना ही अशी कशी वागते, असा तो प्रश्न होता. 

भाग्यश्री गंगव्वा पुजारी. वडलांच्या नावाच्या जागी आईचं नाव तिने कॉलेजात येतानाच लावून घेतलं होतं. कुणी डोळे मोठे केले तर "जी हाय तिचं लावलं" एवढंच सांगायची. मी वाईची. आमच्या घरात चार पिढ्या पदव्या भिंतीला टांगून ठेवायची पद्धत आहे, आणि मला कॉलेजला पाठवलं ते भिंतीवर जागा उरली होती म्हणून, असं माझा काका म्हणतो. भाग्याच्या घरात शाळेच्या फाटकातून आत गेलेली ती पहिलीच. ती मला नावाने कधी हाक मारायची नाही. मी 'वाईकर'.

बसून राहणं तिला जमायचंच नाही. जेवायची उभ्याने, ताट हातात धरून, मेसच्या खांबाला टेकून. अभ्यास करायची गच्चीवर येरझारा घालत, पहाटे, नेमकी माझ्या डोक्यावर. मी झोपेची भक्त. पहिला महिनाभर मला स्वप्नातसुद्धा कुणीतरी सेंद्रिय रसायनशास्त्र घोकत चालल्यासारखं वाटे. मी तक्रार केली की तिचं एकच उत्तर ठरलेलं: "बसून काय व्हतंय?" आजारी मुलीला डॉक्टरकडे न्यायचं असो, गॅस संपलेला असो, निकाल लागायचा असो, हे वाक्य म्हणून ती चपला घालायला लागे. वर्गातही तिची चुळबुळ चाले. रसायनशास्त्राच्या सरांनी एकदा चिडून विचारलं, "पुजारी, तुमच्या बाकाला खिळे आहेत का?" त्यावर ही शांतपणे म्हणाली, "न्हाई सर. पण मला उभ्यानं बी आयकू येतंय." वर्ग हसला. सर चांगले होते, तेही हसले, आणि पुढे ती शेवटच्या बाकामागे भिंतीला पाठ लावून उभी राहून तास ऐकायची. कुणाला काही वाटेनासं झालं.

तिची बॅग तिने कधी रिकामी केली नाही. आमच्या खोलीत दोन कपाटं होती. माझं कपाट उघडलं की अंगावर यायचं, तिचं रिकामं. कपडे बॅगेतून काढायचे, धुवायचे, घडी करून परत बॅगेत. पहिल्या दिवाळीनंतर मी तिला म्हटलं, "अगं, तीन वर्षं राहायचंय इथे." तर म्हणाली, "आमी कवा कुटं तीन वर्सं ऱ्हायलोय?"

तिची आई, गंगव्वा, विजापूरच्याही पलीकडच्या कुठल्याशा गावातून द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायकांच्या टोळीबरोबर तासगावकडे आली, तेव्हा भाग्या कडेवर होती. नवऱ्याने दुसरा घरोबा केला होता. हंगाम संपल्यावर टोळी माघारी गेली, गंगव्वा राहिल्या. मराठीचा एक शब्द येत नव्हता. ज्या बागेत काम, त्या बागेच्या कडेला पत्र्याची खोली. काम संपलं की दुसरी बाग, दुसरी खोली. भाग्या अशी दर हंगामाला बिऱ्हाड हलवत वाढली. अर्थात हे सगळं तिने मला एका बैठकीत सांगितलेलं नाही, कारण ती बैठकीतली मुलगीच नव्हती. पोवई नाक्यावर रस्ता ओलांडताना एक वाक्य, पाणी भरताना एक, असं मी गोळा केलं आहे.

एकदा मात्र मी तिला हाताला धरून कॉटवर बसवलं आणि म्हटलं, आज सांगच, तुला बसायला काय होतं? तिने थोडा विचार केला. "बागंचा मांडव डोक्याच्या वर आसतोय," ती म्हणाली. "समदं काम हात वर करून. छाटायचं वर, बांदायचं वर, तोडायचं वर. ह्या टायमाला माजी आय हात वर करून उबी आसंल बग. मग मला हितं गादी टोचती." एवढं सांगून ती उठली. मग मी पुन्हा तिला बसवायच्या भानगडीत पडले नाही.

आणि म्हणून ते आभाळ. तिच्या मोबाईलवर साताऱ्याचं हवामान नव्हतंच, तासगावचं होतं. बाहेर धो धो पाऊस कोसळत असला तरी ही छत्री न घेता निघायची, कारण तिकडे कोरडं होतं. अवकाळी पाऊस झाला की घडावर रोग पडतो, मालक बाग सोडून देतो, आणि टोळीचं काम जातं. म्हणजे आईचं जातं. प्रात्यक्षिक चालू असताना हातात परीक्षानळी धरून ती खिडकीतून अजिंक्यताऱ्यावरच्या ढगांकडे बघत राही, आणि मी तिला ढोसून म्हणे, "अगं, हे ढग आपले आहेत. तुझे नाहीत."

बारावीला असताना तिने आईशी एक करार केला होता. तो समजायला बागेतलं एक काम समजायला हवं. दिवाळीच्या आधी वेलींची छाटणी होते. मग उरलेल्या काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना एक औषध लावतात. सगळे त्याला पेस्ट म्हणतात. फडकं बुडवायचं आणि एकेका डोळ्याला पुसत जायचं. कुठे लागलं, कुठे राहिलं हे दिसावं म्हणून त्यात लाल रंग घालतात. औषध जहाल असतं. हातमोजे घालायचे असतात, पण मोजे घातले की हात सावकाश चालतो, म्हणून टोळीतल्या बायका ते मालक आला की घालतात. भाग्याच्या बारावीच्या वर्षी गंगव्वांच्या तळहाताची साल निघाली आणि एका दुपारी त्या मांडवाखाली चक्कर येऊन पडल्या. तेव्हा भाग्याने सांगितलं, तू पेस्ट सोड, तर मी पुढं शिकते. न्हाईतर उद्यापास्नं मी बी टोळीत. गंगव्वांनी यल्लम्माची शपथ घेतली आणि मुलगी साताऱ्याला आली.

शपथेप्रमाणे गंगव्वा बेदाण्याच्या शेडवर लागल्या. बसून बेदाणे निवडायचे. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. कोरी करकरीत भिंत, चापूनचोपून बांधलेला अंबाडा, मोठं कुंकू. दोघी कानडीत भराभर बोलत. फोन ठेवला की भाग्या हमखास मला सांगायची, "आता तिला बसायचं काम हाय गं वाईकर." हे ती मेसच्या मावशींना सांगायची, ग्रंथालयातल्या सरांना सांगायची. तिच्या तोंडून मी ऐकलेली ती सगळ्यात मोठी बढाई.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात, परीक्षा तोंडावर असताना, गंगव्वा अचानक वसतिगृहावर आल्या. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी, शेंगाच्या पोळ्या. बुटक्या, काटक बाई. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "असू दे, असू दे," आणि दारातच उभ्या. तेव्हा मला कळलं की हे दुखणं घराण्यात आहे. मी पोळीवर तुटून पडले होते. रिकामा डबा परत घ्यायला त्या पुढे झाल्या तेव्हा मला त्यांचे हात दिसले. दोन्ही तळव्यांवर गच्च मेंदी. बोटांच्या टोकापर्यंत.

"अगंबाई, काय रंगलीय हो मावशी," मी तोंड भरून म्हटलं.

"शेजारचा पोरीचं लगीन हुतं," गंगव्वा म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतले.

 भाग्या आईला स्टँडवर सोडून आली, दिवे लागेपर्यंत गच्चीवर चालली, आणि खाली येऊन म्हणाली, "मी उद्या सकाळी चालले. माजं कॉलेज झालं."

मला वाटलं, घरी कुणाचं काही बरंवाईट झालं. "मेंदी," ती म्हणाली. "माज्या जन्मात मी तिच्या हाताला मेंदी बघितली न्हाई. ती म्हणायची, जिचं कपाळ असं, तिनं हात कशाला रंगवायचं? आन् नखाच्या मुळाशी बग तू. लाल हुतं. मेंदीचा रंग तिथं तसला येत न्हाई. पेस्ट लपवायला मेंदी लावली तिनं, वाईकर. मला फशिवलं. वरसभर मला फोनवर भिंत दाविली."

मी तिच्याबरोबर गेले. तिला एकटीला सोडवेना हे खरं, आणि द्राक्षबाग पाहायला मिळेल, मनसोक्त द्राक्षं खाता येतील, हेही तितकंच खरं. एसटी अर्धी रिकामी होती तरी भाग्या दाराजवळ दांडा धरून उभी. कंडक्टर दोनदा म्हणाला, "बसा की ताई." तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बसल्यावर गाडी लवकर पोचती व्हय?" कऱ्हाडला गाडी बदलली. मग दोन्ही बाजूला ऊस, मग ऊस कमी होत गेला आणि बागा सुरू झाल्या. माझी द्राक्षं तिथेच संपली. मांडवावर एक पान नव्हतं. नुसत्या उघड्या काड्या, आणि त्यांवर ओळीने लाल ठिपके.

टोळी कामात होती. दहाबारा बायका, डोक्याला फडकी, हात वर. त्यात गंगव्वा. त्यांनी आम्हाला पाहिलं, पण हात खाली घेतले नाहीत. भाग्याने बॅग बांधावर टाकली, एक रिकामा डबा उचलला, त्यात बादलीतलं औषध ओतून घेतलं, फडकं बुडवलं आणि आईच्या ओळीत पुढून शिरली. तेवढ्यात टोळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या सुमनमावशी ओरडल्या.

"ए भाग्ये, ती वळ तुज्या आईची हाय. दुसरीच्या वळीत हात घालत न्हाईत, ठावं न्हाई व्हय तुला?"

तो त्या टोळीचा कायदा होता. ज्या बाईने ओळ धरली तिनेच ती शेवटपर्यंत न्यायची. पुढे डोळे फुटले नाहीत तर मालक विचारतो, ही ओळ कुणाची? तेव्हा जिची असेल तिने पुढे व्हायचं. ओळीत दुसरीचा हात लागला की जबाब कुणी द्यायचा?

"मग मला येगळी वळ द्या," भाग्या म्हणाली.

आता गंगव्वांनी हात खाली घेतले. एरवी दोघींचं सगळं कानडीत. त्या दिवशी गंगव्वा मराठीत बोलल्या. मला कळावं म्हणून की टोळीने ऐकावं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"देतो," त्या म्हणाल्या. "पण धरली की संपवायचा. मधी सोडून जायचा न्हाई."

"संपिवते."

"साताऱ्यात धरलीस ती मधीच सोडून आलीस न्हवं? मग ही संपवशील कशावरनं?"

सगळ्या बायकांचे हात थांबले होते. भाग्याच्या हातातल्या फडक्यातून लाल थेंब तिच्या पंजाबी ड्रेसवर पडत होते. मला वाटलं आता ही डबा फेकणार.

"तू यल्लम्माची शपथ मोडलीस," ती म्हणाली. 

"मोडली. देवीला काय सांगायचा ते मी सांगीन. तू पेपरला जा."

"आन् तुला काय झालं तर?"

 गंगव्वा पुढे आल्या, मुलीच्या हातातला डबा काढून घेतला, पदराने तिची बोटं पुसली. एकेक बोट, नखाच्या कडेपर्यंत. पदर लाल झाला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. मग भाग्या रडली. उभ्यानेच रडली. टोळीतल्या बायकांनी तोंडं फिरवून काम सुरू केलं, आणि सुमनमावशी मला म्हणाल्या, "तू काय बगतीस पोरी? तिकडं झाडाखाली भाकरी हाय, खा जा." मी गेले आणि खाल्ली. लाज वाटत असतानाही मला भूक लागते.

त्याच दिवशीच्या गाडीने आम्ही परत निघालो. भाग्याने मागितलं तेवढं एकच: हातमोजे. मालक असो नसो, घालायचे. आणि रोज दाखवायचे हात. तेव्हापासून फोनवर पहिलं वाक्य "हात दाव" हे असे. पलीकडून दोन तळवे पडदाभर यायचे. भाग्या ते डॉक्टरसारखे तपासायची, उलटे करायला लावायची. कधी मोजे घातले नव्हते हे दिसलं की दोघींचं जोरात भांडण, आणि भांडण झाल्यावर ही गच्चीवर. पहाटे माझ्या डोक्यावर पुन्हा रसायनशास्त्र. त्या वर्षापासून मी त्याबद्दल तक्रार केली नाही. उलट एखाद्या दिवशी पावलं वाजली नाहीत तर मलाच जाग यायची, आणि मी वर जाऊन पाहून यायचे.

ती पहिल्या वर्गात पास झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी सांगलीला गेली. रोज तासगावहून ये-जा, म्हणजे आईपाशी. साताऱ्याच्या कॉलेजचा पदवीदान समारंभ पुढच्या वर्षी द्राक्षतोडणीच्या ऐन हंगामात आला. ते एक बरं झालं नाही. पण गंगव्वांनी सुमनमावशींना महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी मी नाही, पोरगी वर चढून कागद घेणार आहे, ते मला बघायचं आहे. भाग्या फोनवर वैतागून मला सांगत होती, "ती टोळीत रोज म्हणती. आता मालकाच्या पोराला बी ठावं झालंय."

दोघी आल्या त्या पहाटेच्या गाडीने. आदल्या दिवशी दिवस मावळेपर्यंत तोडणी आणि मग पेट्या भरणं झालेलं. सभागृहात विद्यार्थ्यांना पुढे बसवलं होतं, पालकांना मागे. गंगव्वांना तिथे कुणी ओळखीचं नाही म्हणून भाग्या पदवीचा झगा घालून मागेच, आईशेजारच्या खुर्चीवर बसली. सरांनी दोनदा खुणावलं, तिने मान हलवली. भाषणं सुरू झाली. पाहुणे बोलले, मग दुसरे पाहुणे पहिल्या पाहुण्यांबद्दल बोलले. नावं पुकारायला लागले तेव्हा मी वळून पाहिलं. गंगव्वांचं डोकं मुलीच्या खांद्यावर कललं होतं. तोंड जरासं उघडं. गाढ झोप.

मी वाकून वाकून मागे गेले. "भाग्या, चल. आपल्या वर्गाचं आलं."

"तू हो म्होरं."

"आणि तू?"

तिने नुसतं आईकडे पाहिलं.

"मग उठव ना त्यांना," मी कुजबुजले. "ह्याच्यासाठीच आल्यात त्या."

"दिवसा झोपल्याली मी कवा बघितली न्हाई तिला," भाग्या म्हणाली. "जा तू, वाईकर."

मी गेले. माझं नाव आलं, मी कागद घेतला, फोटोसाठी हसले. मग "भाग्यश्री गंगव्वा पुजारी" असं पुकारलं. सगळ्यांनी माना वळवल्या. पुन्हा एकदा पुकारलं. मी व्यासपीठाच्या पायरीवरून पाहत होते. ती जागची हलली नाही. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ, श्वाससुद्धा बेताने घेत असावी. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मला तिचा रागही आला. सरांनी पुढचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या, पुन्हा वाजल्या, राष्ट्रगीताआधी लोक उठू लागले, खुर्च्यांचे आवाज झाले, तेव्हा गंगव्वा दचकून जाग्या झाल्या.

मी दोन रांगा सोडून उभी होते. त्या कानडीत बोलत होत्या, पण एवढी कानडी तोपर्यंत मला कळायला लागली होती.

"झालं?" गंगव्वांनी विचारलं.

"झालं," भाग्या म्हणाली. "बघितलंस न्हवं?"

गंगव्वांनी मुलीच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग व्यासपीठाकडे. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बघितलं की," त्या म्हणाल्या. "टाळ्या बी वाजिवल्या मी."

"आयकल्या," भाग्या म्हणाली.